टॅपमॅन आणि तापमान

८ सप्टेंबर, सोमवार

रजा संपली. सुजाताने शाळेत जाता जाता स्कूटीवरून नाशिकच्या द्वारका चौकात सोडलं, तिथून निकमांच्या गाडीतून पिंपळगाव. निकम म्हणजे आमचे चेंबरवाले. कोल्ड स्टोअरेजच्या सगळ्या खोल्या त्यांच्या ताब्यात. मूळ सटाण्याकडचे, बोलायला लागले की थांबत नाहीत. आडगाव सोडल्यावर "ते बघा" म्हणाले आणि एकदम गप्प. मी म्हटलं, सांगा की काय ते. टोमॅटोचा टेंपो उलटलाय म्हणे, अख्खा हायवे लाल. पुढे ओझरपर्यंत तेच वर्णन. चांगलं करतात वर्णन.

ऑफिसात सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात. डोळे गेलेत, कान नव्हे.

माझ्या खुर्चीवर तुषार. रजेच्या काळात माझ्या जागी घेतलेला. उठून उभा राहिला, "बसा सर" म्हणाला. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

मग दादांनी केबिनमध्ये बोलावलं. मालक, पण सगळे दादाच म्हणतात. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आता दगदग नको, सर्व्हरचं तुषार बघेल, तू पुढे रिसेप्शनला फोन सांभाळ. पगार तोच. दिवाळीपर्यंत करून बघ, पाडव्याला कायमचं ठरवू.

इतक्या मायेने म्हणाले की मी "बरं" म्हणून बाहेर आलो. कशाला म्हणालो कोण जाणे.

१० सप्टेंबर, बुधवार

फोन. फोन. फोन. "डाळिंबाला जागा आहे का?" "बेदाणा कधी काढायचा?" "मॅडम आहेत का?" कोणती मॅडम ते त्यालाही माहीत नाही.

मी फोनसाठी जन्मलेलो नाही. आज एकाला म्हणालो, आधी ठरवा काय विचारायचंय, मग लावा. त्याने दादांकडे तक्रार केली. दादा काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे सर्व्हर. त्याचा पंखा दिवसभर ऐकू येतो. त्या एका डब्यात मी चार यंत्रं बसवली होती. यंत्रं म्हणजे खोटी, पण कामं खरी. एक चेंबरांचं तापमान गोळा करतं, एक वजनकाट्याचं, एक बिलांचं, एक देखरेखीचं. त्यांना जोडणाऱ्या ताराही खोट्याच, डब्यातल्या डब्यात, नुसत्या लिहिलेल्या. मी ते सगळं उभं केलं तेव्हा मला लख्ख दिसत होतं, आणि तरी त्या तारा मला कधी दिसल्या नव्हत्या. कुणालाच दिसत नाहीत. हे आज फोनवर बसून सुचलं.

मग तुषारला दिसतं म्हणजे नक्की काय जास्त दिसतं?

१५ सप्टेंबर, सोमवार

लॅपटॉप बोलता केला. पडद्यावर जे असेल ते कानात वाचून दाखवणारी बाई बसवली आहे. इंग्रजी बाई, मराठीचा गंध नाही. मराठीचीही मिळते, पण सर्व्हरचं सगळं इंग्रजीत, म्हणून हीच.

तुषार सर्व्हर चालवतो ते चित्रांच्या खिडकीतून. ती उघडून पाहिली तर बाई म्हणाली: बटन, बटन, बटन, नाव नसलेलं बटन. तिथे माझं काही खरं नाही. मग जुनी काळी खिडकी उघडली, जिथे नुसतं टाइप करायचं आणि उत्तरही नुसत्या अक्षरांत येतं. तिथे बाई घडाघडा वाचत सुटली. एक ओळ सोडली नाही.

सुजाता स्वयंपाकघरातून आली, ही कोण म्हणे तुमच्याशी बोलतेय. तिला म्हटलं ऐक, आणि आमच्या गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. बाई म्हणाली, "पिंपल गॉन." सु. ओट्याला टेकून हसत बसली. पोळी करपली.

बऱ्याच महिन्यांनी ती अशी हसली. मीही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तुषारला सरळ विचारलं, सर्व्हरमध्ये नुसतं डोकावायला मिळेल का. घुटमळला, मग बघण्यापुरता प्रवेश दिला. वाचता येईल, बदलता येणार नाही. चालेल म्हटलं.

रिसेप्शनच्या टेबलावरून आत शिरलो. नेटवर्कांची यादी मागवली. बाईने वाचली: ऑफिस, चालू. काटा, चालू. टॅप-मॅन, चालू.

टॅप-मॅन कोण? नळवाला? क्षणभर खरंच कळेना. मग लक्षात आलं, हे माझंच बाळ, तापमान. सेन्सरांसाठी केलेलं नेटवर्क. नाव देताना टी-ए-पी-एम-ए-एन लिहिलं होतं, आणि बाईने ते आपल्या समजुतीने वाचलं. एकटाच हसलो. समोर बसलेल्या शेतकऱ्याला वाटलं असेल, ह्याचं डोकंही गेलं.

मग टॅपमॅनची पूर्ण मांडणी मागवली. पत्ते कुठपासून कुठपर्यंत, डब्यातल्या कोणत्या खोट्या पुलावरून जातो, बाहेर जायला वाट आहे का. नाही, मुद्दामच ठेवली नव्हती. ओळीमागून ओळ ऐकत गेलो. डोळे होते तेव्हा मी हे कधी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, वरवर नजर फिरवायचो. आज सगळं ऐकलं. आपल्याच घरात अंधारात चालावं तसं. कुठे काय आहे ते पायांना माहीत.

मधे तीनदा फोन वाजला. वाजू दे म्हटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

तुषारने साफसफाई काढली आहे. तापमानाचं यंत्र आणि देखरेखीचं यंत्र, दोन्हींची मांडणी बदलली. दोन्ही एकाच नेटवर्कवर असावीत म्हणे. विचार बरोबर आहे. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. विचारलं नाही.

"सगळं चालू आहे सर, काही अडलं नाही," म्हणाला. मी म्हटलं, चालू यंत्र जुन्याच मांडणीवर चालतं, नवं खरं कळतं ते बंद करून उठवल्यावर. हो हो म्हणाला. घाईत होता.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज लिहायला किती आहे. क्रमाने लिहितो, नाहीतर बढाईच आधी लिहून टाकेन.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊनपुसून बंद ठेवायची, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. कॉम्प्रेसर तेवढे सोडून. ते बंद केले तर मालच जाईल, त्यांना चालत्यातच माळ घालतात. मी खुर्चीवर होतो तोवर सर्व्हरही बंद करू देत नव्हतो, वर फूल ठेवा म्हणायचो. तुषार नवा, दादांना नाही कसं म्हणणार. "वर्षातून एकदा त्यालाही विसावा," दादा म्हणाले. केला बंद. मी माझ्या टेबलाशी पेढा खाल्ला. पूजाबिजा आपल्यात नाही, पेढ्याचं काही वैर नाही.

पूजा झाली, सर्व्हर चालू केला. चारातली दोन यंत्रं उठेनात. तापमानाचं आणि देखरेखीचं. तुषारची चित्रांची खिडकी त्या देखरेखीच्याच यंत्रात, म्हणजे तीही गेली. उरली फक्त काळी खिडकी. तिथे त्याला फार सराव नाही.

चेंबर थंड होते, त्याची भीती नव्हती. पण डाळिंबाचा कंटेनर दारात भरायला उभा, आणि तापमानाची नोंद दिसल्याशिवाय खरेदीदाराचा माणूस सील लावायला तयार नाही. उद्या दसऱ्याची सुट्टी. आज गेला नाही तर बंदरावरची बोट चुकणार. निकमांची माणसं थर्मामीटर घेऊन एका चेंबरातून दुसऱ्यात धावत होती. निकम माझ्याकडे आले, चिडले की ते थेट सटाण्याच्या अहिराणीत पोचतात. "काय व्हयनं भाऊ? नेटवर्क शे का नही?"

पार्टिशनमागून मला सगळं ऐकू येत होतं. तुषार कुणा मित्राला फोनवर सांगत होता: "यंत्र म्हणतंय तापमान नावाचं नेटवर्क नाही. आणि यादीत तापमान आहे ना. चालू आहे. समोर दिसतंय मला." पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मित्र म्हणाला असेल पुसून नवीन टाक, कारण मग तुषार दादांना म्हणाला की सगळं पुन्हा बसवावं लागेल, उद्या संध्याकाळपर्यंत होईल.

मी उठून दारात गेलो. दादा म्हणाले, "तू बस मिलिंद, त्याला करू दे." बसलो. खरंच बसलो जाऊन. राग इतका आला की वाजणारा फोन उचलून नुसताच खाली ठेवला.

थोड्या वेळाने पावलं. तुषार. आवाज पडलेला. "सर, तुम्ही एकदा बघता का?"

बघता का म्हणाला. मी लॅपटॉप उचलला.

त्याने पूर्ण प्रवेश दिला. हेडफोन काढून टाकला, म्हटलं सगळ्यांना ऐकू दे. नेटवर्कांची यादी मागवली. बाई खोलीभर बोलली: ऑफिस, काटा, टॅप-मॅन. दादा म्हणाले हा टॅपमॅन कोण. म्हटलं थांबा. मग झोपलेल्या यंत्राची मांडणी मागवली, त्यात नेटवर्कची ओळ शोधली. बाई म्हणाली: टॅप-मान.

परत वाचायला लावली. मान. वरची यादी परत. मॅन.

तुषारला म्हटलं, ती ओळ मोठ्याने वाच. "तापमान." नाही, अक्षरं वाच, एकेक. "टी, ए, पी, एम, ए..." थांबला. "ए, एन." एक ए जास्त. नेटवर्कचं नाव माझ्या हाताने एका ए चं, यंत्रांत त्याच्या हाताने दोन ए चं. साफसफाई करताना हाताने टाइप केलं होतं. चालू होतं तोवर जुन्यावर चाललं, पूजेला बंद केलं तेव्हा उघडं पडलं.

कुणीच बावळट नव्हतं यात. मराठी माणूस तापमान वाचतो, अक्षरं नाही वाचत. एक ए असो की दोन, डोळा नाव ओळखतो आणि पुढे जातो, तोंड तर दोन्हींना तापमानच म्हणतं. मित्राला फोनवर कळणार कसं? माझ्या बाईला मराठी येत नाही, म्हणून तिला ठेच लागली.

ए खोडला. दुसऱ्या यंत्रातलाही खोडला. उठवलं. बाई म्हणाली, सुरू झालं. पलीकडे तुषारची खिडकी उघडली, आकडे यायला लागले, आणि निकम मागून ओरडले की चेंबरांचे आकडे दिसतात. कंटेनर उजेड होता तोवरच गेला. दिवाच लावायला लागला नाही, असं मला सांगितलं.

दादा म्हणाले, बघ, पूजेनेच चूक बाहेर काढली. वाद घातला नाही. दुसरा पेढा खाल्ला.

मी जिंकलो. इथे माझ्यापुरतं लिहायला काय हरकत आहे. मी जिंकलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, आणि आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी सु.बरोबर त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याला विहारात. गर्दी, पांढऱ्या साड्यांची सळसळ, कुणाचं तरी बाळ माझ्या चष्म्याला झोंबत होतं. वंदना चालू असताना मन भरकटलं ते थेट टॅपमॅनकडे. सु.ने कोपर मारलं. तिला कसं कळलं?

घरी निकम आपट्याची पानं घेऊन आले. सोनं दिलं आणि सु.ला कालची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा जास्त तिखटमीठ लावून. त्यांच्या गोष्टीत कंटेनर माल न भरताच गेटबाहेर निघाला होता.

४ ऑक्टोबर, शनिवार

माझं नाव टॅपमॅन पडलं आहे. निकमांचं काम. चेंबरातून इंटरकॉम येतो, "टॅपमॅन शेतस का?" काट्यावरचे लोकही म्हणतात. आधी चिडल्यासारखं केलं, आता ओ देतो.

फोन अजून माझ्याच टेबलावर आहे. दादांनी पाडव्याचं काही काढलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तुषार शिकायला बसला. अट एकच, पडद्यावर दिसेल ते अक्षराअक्षराने म्हणायचं, ओळखीचं नाव दिसलं म्हणून उडी मारायची नाही. पहिल्यांदा लाजला. मग डोळे मिटून बाईचं ऐकू लागला. त्याने डोळे मिटलेत हे मला कसं कळलं, तर तो टेबलावरच्या चहाला धडकला.

आणि आजचा मोठा विजय. सगळी नेटवर्कं एकेक करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असं ठरवलं होतं. ऑफिसच्या मांडणीत बिलांच्या यंत्राला राखून ठेवलेला पत्ता आणि नव्या छपाईयंत्राचा पत्ता एकच निघाला. छपाईयंत्र अजून खोक्यात. द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की लागेल, आणि त्या दिवशी बिलं बंद पडली असती, ऐन गर्दीत. आजच दुरुस्त केलं.

खंडेनवमीला बिघडल्यावर सापडलं. हे बिघडण्याआधी सापडलं. टाळ्या नाहीत, पेढे नाहीत, मला मात्र हेच जास्त गोड लागलं. तुषार म्हणाला, "सर, हे मी रोज बघायचो." म्हटलं, बघायचास, ऐकायचा नाहीस.

दिवसभर हवेत होतो. घरी येऊन सु.ला पाढे म्हणावेत तशी सगळी मांडणी म्हणून दाखवली. तिने अर्ध्यात भाजी निवडायला दिली.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज उतरलो जमिनीवर. काट्याकडची खरी तार गेली, डब्यातली नव्हे, भिंतीवरची. तारा जिथे जोडतात त्या पेटीवर दिवे असतात, हिरवा की केशरी ते बघायचं. मी पेटीवर हात फिरवत बसलो. दिवे हाताला लागत नाहीत. तुषारने येऊन एका नजरेत सांगितलं, उंदराने कुरतडलं आहे.

दादा मागे उभे होते. "हे कसं करशील तू?" टोमणा नव्हता, खरोखर विचारलं. मी पेटीवरून हात काढला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तीन दिवस तेच डोक्यात. आज सु.शी भांडण, म्हणजे ती बोलली, मी भांडलो. तिचा प्रश्न साधा होता: "फोनवर बसायचं नाही, असं तुम्ही दादांना कधी सांगितलंत?"

सांगितलं नाही. पण एवढं केलं, कळायला नको का त्यांना?

"पहिल्या दिवशी तुम्ही बरं म्हणालात. त्यांना तेच ठाऊक आहे. वर्गात मुलं मान डोलावतात, मला काय कळतं कुणाला समजलं ते? तुमच्या मनातलं त्यांना कुठून दिसणार?"

चौथीच्या वर्गाला शिकवते, तशीच बोलली. जेवताना मीठ कमी आहे म्हणालो. कमी नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

सकाळी दादांच्या केबिनमध्ये गेलो. बस म्हणायच्या आत बसलो, नाहीतर परत बरं म्हणून आलो असतो.

म्हटलं, "दादा, मला फोनवर बसायचं नाही. त्या दिवशी बरं म्हणालो ते खोटं. सर्व्हरच्या आतलं सगळं मला कळतं, बाहेरचे दिवे दिसत नाहीत. दिवे तुषार बघेल. आतलं मी बघतो. फोनला दुसरं कुणी घ्या, मी शेतकऱ्यांवर खेकसतो."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी क्रेट आपटत होतं. दादा काही बोलेनात, आणि मला समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, तेव्हा गप्प माणूस फार लांब जातो. शेवटी म्हणाले, तुषारच्या घरचे त्याला पुण्याला बोलावतात. तो राहील की नाही ते त्याचं त्यालाच माहीत. तो गेला तर दिवे कोण बघणार?

म्हटलं, तो गेला तरी मी आहे. दिव्यांसाठी डोळसच लागेल, ते खरंच. पण दिवा कसा बघायचा ते शिकवायला अर्धा दिवस पुरतो. आतलं शिकायला मला दहा वर्षं लागली.

यावर हसले. बराच वेळ पेन टेबलावर वाजवत राहिले. मग म्हणाले, "बरं, पाडव्याला बघू."

आणि एकदम थांबले. आपण कुणाला काय म्हणालो ते त्यांचं त्यांनाच टोचलं असावं. खुर्ची करकरली, पाण्याचा ग्लास सरकवला, काहीतरी सावरायला निघाले होते. एवढ्या मोठ्या माणसाची अशी तारांबळ मी पहिल्यांदा ऐकली.

मी उठलो. म्हटलं, "बघू ना दादा. तुम्ही तुमच्या बाजूने बघा, मी माझ्या बाजूने बघतोच आहे."

दाराची चौकट मला आता मोजावी लागत नाही. बाहेर टेबलावर फोन वाजत होता. तो तसाच ओलांडून सर्व्हरच्या खोलीत गेलो. तुषार खुर्चीवरून उठला. आज मी नको म्हटलं नाही, बसलो.